आधी काटा, मग ब्लेड: हॉलमध्ये उडणारं रबरी विमान

रविवारी सकाळी सोलापुरातल्या आमच्या हॉलवर कुणीतरी नवं विमान घेऊन येतं आणि दहा मिनिटांत तीनपैकी एक वाक्य ऐकू येतं. "नाकावरच पडतंय." "गिरकी घेऊन भिंतीवर जातंय." "रबरच तुटलं." मग मी ते विमान काट्यावर ठेवतो. बारा ग्रॅम, कधी पंधरा. तिथेच निम्मं उत्तर मिळतं. उरलेलं निम्मं म्हणजे कामाचा क्रम चुकलेला असतो.

इथे सांगतोय ते विमान पिळलेल्या रबराच्या जोरावर प्रॉपेलर फिरवत उडणारं, ४५ सेंमी पंखाचं, रबर सोडून ४ ते ४.५ ग्रॅमचं. झेरॉक्सचा एक ए-फोर कागद साधारण पावणेपाच ग्रॅम भरतो, म्हणजे सगळं विमान त्या कागदापेक्षा हलकं. एफ-वन-डी या आंतरराष्ट्रीय वर्गात ५५ सेंमीचं विमान रबराशिवाय १.४ ग्रॅमपर्यंत खाली नेतात. त्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. हातात धरलं तरी मोडतं, आणि मोडलेल्या विमानातून काही शिकता येत नाही.

१. सामान

सगळ्यात आधी सराफी काटा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, खिशात मावणारा. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, काटा घ्याच. त्यानंतर १.५ मिमी आणि ०.८ मिमी जाडीचे बाल्साचे (अगदी हलक्या लाकडाचे) पत्रे, दांड्यासाठी, म्हणजे विमानाच्या कण्यासाठी, ३ मिमीचा एक पत्रा, नवी ब्लेड, पोलादी पट्टी, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, ०.५ मिमीची पोलादी तार, बांगडीवाल्याकडचे बारीक काचेचे मणी, पतंगाच्या कागदाचा तुकडा, फेविकॉल, फेवीक्विक, आणि मॉडेल विमानाचं चपटं रबर, २.४ मिमी रुंदीचं. रबर आणि बाल्सा ऑनलाइन मागवावं लागतं. नोटांच्या गड्डीला लावतात ते रबर चालणार नाही. ते ताणलं जातं, पण साठवलेला जोर परत देताना फार कंजूषपणा करतं.

खबरदारी: बाल्साऐवजी आइस्क्रीमच्या काड्या किंवा जाड बांबू वापरून "आधी शिकू, मग बाल्सा" असं करू नका. वजनदार विमान वेगळ्याच पद्धतीने उडतं. त्यावर शिकलेलं इथे उपयोगी पडत नाही.

२. लाकूड तोलणं

ब्लेड हातात घ्यायच्या आधी पत्रा काट्यावर ठेवायचा. १.५ मिमी जाड, ७५ मिमी रुंद, ९०० मिमी लांब पत्र्याचं घनफळ साधारण १०१ घन सेंमी होतं. तो १० ग्रॅम भरला तर लाकूड घन सेंमीला ०.१ ग्रॅमचं. पंखाच्या कडांना १० ते १२ ग्रॅमचा पत्रा उत्तम, बरगड्यांना, म्हणजे दोन कडा जोडणाऱ्या बाकदार पट्ट्यांना, ८-९ ग्रॅमचा. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, मला एकाच पाकिटात ९ ग्रॅमचा आणि १८ ग्रॅमचा पत्रा मिळालेला आहे. लांबी वेगळी असेल तर त्रैराशिक मांडा. जड पत्रा टाकून देऊ नका, प्रॉपेलरच्या मधल्या काडीला आणि पंखाच्या खुंट्यांना तोच लागतो.

चांगला बाल्सा आपल्या कडक भाकरीसारखा वागतो. उभा धरला तर ताठ, आडवा वाकवला की कट्कन. म्हणून पट्ट्या नेहमी रेषांच्या दिशेनेच कापायच्या. पोलादी पट्टी घट्ट दाबायची आणि एका जोरात न कापता तीन हलक्या ओढीत कापायचं. ब्लेडचं टोक बोथट झालं की लाकूड कापलं न जाता चिरडतं, आणि चिरडलेली कड गोंद पिते.

तपासणी: पंखाच्या पुढच्या आणि मागच्या कडेसाठी ४५ सेंमी लांब, ३ × १.५ मिमीच्या दोन पट्ट्या. दोन्ही मिळून ०.४ ग्रॅमच्या आसपास. एक ०.१५ आणि दुसरी ०.२५ असेल तर जड काढून दुसरी कापा. एक टोक टेबलाच्या कडेला धरून दोन्ही पट्ट्या सारख्याच वाकतात का तेही बघा.

३. पंख

पंख ४५ × १० सेंमी. पूर्ण आकाराचं चित्र कागदावर काढा, त्यावर पातळ प्लास्टिक अंथरा, आणि चित्रावरच पट्ट्या टाचण्यांनी धरा. टाचणी पट्टीच्या आरपार घालायची नाही, दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचा.

बरगड्या सहा. पुठ्ठ्याचा किंवा टिनच्या पत्र्याचा एक साचा करा, १० सेंमी लांबीत मध्यापासून थोडा पुढे ६ मिमी उंचीचा बाक. साचा बाल्सावर ठेवून एक ओढ, मग तो १.५ मिमी खाली सरकवून दुसरी ओढ. प्रत्येक ओढीला एक बरगडी सुटते.

आता गोंद. पहिल्यांदा करणाऱ्यांची इथे हमखास चूक होते. फेविकॉलमध्ये तितकंच पाणी मिसळा आणि टाचणीच्या टोकावर राहील तेवढाच थेंब सांध्याला द्या. सुकल्यावर सांधा दिसतच नाही असा असावा. पांढरा गोळा दिसला की समजा एका बरगडीएवढं वजन तिथे बसलंय. फेवीक्विक पट्कन चिकटतं, पण बाल्सात शिरून तो भाग काचेसारखा ठिसूळ करतं. मी ते फक्त तारेच्या सांध्यांना वापरतो.

पंख मधोमध कापू नका. डावा भाग २३.५ सेंमी, उजवा २१.५ सेंमी ठेवा. हे विमान डावीकडे गोल फिरणार आहे. वळणात आतला पंख हळू सरकतो, शिवाय प्रॉपेलरचा उलटा जोर विमानाला डावीकडेच कलंडवत असतो. थोडा लांब डावा पंख त्याला आधार देतो. मधल्या सांध्याला व्ही आकार द्या, दोन्ही टोकं मध्यापेक्षा ४ सेंमी वर. गोंद सुकत असताना डाव्या टोकाच्या पुढच्या कोपऱ्याखाली ३ मिमीचा तुकडा सरकवा, म्हणजे डावा पंख टोकाकडे किंचित पुढून वर पिळलेला राहील.

तपासणी: सुकल्यावर पंख डोळ्यांच्या पातळीला धरून मागून बघा. डाव्या टोकाचा पीळ मुद्दाम दिलेला, तेवढाच दिसायला हवा. दुसरीकडे कुठे पीळ दिसला तर आत्ताच सांधा ओला करून सरळ करा. "आच्छादन घातल्यावर ताणला जाईल" ही समजूत सोडा.

४. दांडा आणि शेपूट

यात फार काही नाही. दांडा २५ सेंमी, ६ × ३ मिमी, साधारण अर्धा ग्रॅम. मागे २० सेंमीची निमुळती काडी. शेपटीचा आडवा पंख २५ × ८ सेंमी, बरगड्या सरळ चालतील. उभा पंख ६ × ६ सेंमी. दांड्याला पुढे तारेची अगदी साधी बेअरिंग (प्रॉपेलरची तार जिच्यात फिरते ती कडी), मागे रबर अडकवायचा आकडा, दोघांत २२ सेंमी अंतर. बेअरिंग दांड्याच्या सरळ रेषेपासून डावीकडे जेमतेम दोन अंश वळवा.

शेपटीची काडी चिकटवताना आडव्या पंखाचं डावं टोक उजव्यापेक्षा एक सेंमी वर ठेवा. मागून बघितल्यावर जे टोक वर, त्या बाजूला विमान वळतं. निम्मे लोक हे उलटं करतात, आणि मग डावीकडे कलंडणारं, उजवीकडे वळू पाहणारं एक गोंधळलेलं विमान हॉलवर येतं.

५. आच्छादन

इथे प्लास्टिकची फिल्मच हवी. ती पारखायची सोपी रीत म्हणजे ५० × ५० सेंमीचा तुकडा कापून तोलायचा. ३ ग्रॅमच्या आत भरला तर घ्या. कचऱ्याच्या पिशव्यांच्या रोलमधल्या सगळ्यात पातळ पिशव्या बहुधा यात बसतात. चादरीची पिशवी कितीही चकचकीत दिसली आणि सोलापुरात घरोघरी पडलेली असली, तरी नको, ती फार जाड असते.

फिल्म आधी हातात चुरगळून मग हलकी उलगडा. गुळगुळीत ताणून लावलेली फिल्म दोन दिवसांत पंख पिळवटते, चुरगळलेली तेवढा जोर लावत नाही. सांगाड्याच्या कडांना ग्लू स्टिक फिरवा, फिल्म टेबलावर पसरून सांगाडा तिच्यावर उलटा ठेवा, कडा दाबा, तासाभराने नव्या ब्लेडने जादा भाग काढा. फक्त वरच्या बाजूने लावायची, दोन्ही बाजूंनी नाही.

आपल्या कोरड्या हिवाळ्यात फिल्म हाताला आणि केसांना चिकटते. शेजारी ओला पंचा ठेवा आणि मधूनमधून त्यावर हात टेकवा. सोलापुरात पंचा शोधावा लागत नाही.

तपासणी: आच्छादनासह पंख सव्वा ग्रॅमच्या आत हवा.

६. प्रॉपेलर

व्यास १६ सेंमी. ०.८ मिमी बाल्साची दोन पाती कापा, ७ सेंमी लांब, रुंदीला ३ सेंमी, टोकाला गोल. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. साडेसात सेंमी व्यासाची गुळगुळीत काचेची बाटली उभी धरा. दोन्ही पाती एकावर एक ठेवून बाटलीवर लावा, मुळाकडचा भाग खाली, टोक वर, आणि टोक डावीकडे १५ अंश कललेलं. वरून पट्टी गुंडाळा आणि गच्चीवर ठेवा. आपल्या उन्हात दोन-तीन तासांत खडखडीत वाळतं, हा एक फायदा.

पातं बाकदार होतं आणि मुळापासून टोकाकडे सपाट होत जातं. ३ × ३ मिमीच्या काडीवर दोन्ही पाती चिकटवताना मापायला चौकोनी कागद कर्णावर दुमडा, तो झाला ४५ अंशांचा कोन. मध्यापासून ४ सेंमीवर पात्याचा कोन बरोबर त्या कागदाइतका हवा. असा प्रॉपेलर एका फेऱ्यात हवेतून सुमारे २५ सेंमी पुढे सरकू पाहतो.

तपासणी: विमानासमोर उभे राहा, प्रॉपेलर आडवा धरा. तुमच्या उजव्या हाताकडच्या पात्याची वरची कड तुमच्या जवळ असायला हवी. खालची कड जवळ असेल तर प्रॉपेलर उलटा झालाय, पुन्हा करा. मग मधल्या तारेवर तो मोकळा फिरवा. नेहमी एकच पातं खाली येत असेल तर ते पॉलिश पेपरने हलकं करा. प्रॉपेलर आणि बेअरिंगच्या मध्ये तारेवर मणी विसरू नका, तो नसला की घासणीतच अर्धं रबर संपतं.

७. जुळवणी आणि तोल

पंखाला मधल्या भागात पुढे-मागे दोन खुंट्या लावा आणि दांड्यावर पतंगाच्या कागदाच्या दोन नळ्या. खुंट्या नळीत वर-खाली सरकल्या की पंखाचा कोन बदलतो. पंख कायमचा चिकटवणारा माणूस नंतर विमान नीट करू शकत नाही, दुसरं बांधतो.

सुरुवातीला पुढची कड मागच्या कडेपेक्षा ३ मिमी वर. रबर लावून विमान पंखाखाली दोन बोटांवर तोला. पुढच्या कडेपासून ६ सेंमीवर ते आडवं राहायला हवं. राहत नसेल तर नळ्या सोडवून पंख मागे-पुढे न्या. नाकाला मेण चिकटवून तोल साधणं ही पळवाट आहे, ती वजन वाढवते.

८. रबर, तेल आणि पीळ

३६ सेंमी लांबीचा वेढा, म्हणजे ७२ सेंमी रबर आणि गाठीपुरतं थोडं जास्त. गाठ कोरड्या रबराला बांधायची, जिभेने ओली करून, दोनदा उलटसुलट. त्यानंतर तेल. वजन पावणेदोन ग्रॅमच्या आसपास भरतं. वेढा आकड्यांतल्या अंतरापेक्षा लांब आहे म्हणून ढिला लोंबतो. ते बरोबर आहे, ताणून बसवायचा नाही.

तेल सिलिकॉनचं. ते नसेल तर एरंडेल. शिवणयंत्राचं तेल, विणायच्या मागाचं तेल, खोबरेल तेल, व्हॅसलिन यांतलं काहीही नको. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगून सडतं. आमच्याकडे एका मुलाने घरच्या मागाचं तेल भरपूर चोळून आणलं होतं. आठवड्यात वेढा बोटाला चिकटू लागला आणि चौथ्या उड्डाणाला चिंध्या झाल्या. तेल फार लागत नाही, रबर ओलसर दिसेल इतकंच.

नवा वेढा आधी तीन-चार पट हळू ताणून दोन मिनिटं धरा, सोडा, दोन-तीनदा करा. एकदम ताणला तर पहिल्याच भरण्याला तुटतो.

पीळ विमानावर भरायचा नाही. मागचं टोक कुणीतरी धरावं किंवा खिळ्याला अडकवावं, पुढचं टोक सुताराच्या हाताने फिरवायच्या ड्रिलच्या आकड्यात. ड्रिलचा दांडा एकदा फिरवला की आकडा किती वेळा फिरतो ते आधी मोजून ड्रिलवरच लिहून ठेवा. मग रबर चार-पाच पट ताणा, निम्मे पीळ तसेच ताणलेले असताना भरा, उरलेले भरता भरता पाऊल-पाऊल पुढे या. जागेवर उभं राहून पीळ भरणाऱ्याचं रबर गाठाळून निम्म्यातच थांबतं. मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या घरांतली पोरं यात सगळ्यांच्या पुढे असतात, त्यांच्या बोटांना ताण कळतो.

दिशा: टोक तुमच्याकडे असताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. पुढून भरा किंवा मागून, दोन्हीकडून हेच. सुताचा पीळ कुठल्याही टोकाकडून बघितला तरी तोच दिसतो, तसंच हे. भरलेलं रबर जवळून बघा, पिळाच्या रेषा एस अक्षराच्या मधल्या रेषेसारख्या तिरक्या दिसायला हव्यात.

किती पीळ? एक वेढा मुद्दाम तुटेपर्यंत भरा आणि आकडा लिहून ठेवा. त्याच्या ७५ ते ८० टक्के ही तुमची कमाल. रबराचा प्रत्येक गठ्ठा वेगळा असतो, दुसऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

खबरदारी: चष्मा किंवा गॉगल घाला. तुटलेलं रबर डोळ्याकडेच येतं असं मला वाटू लागलंय.

९. हॉल

मंगल कार्यालयं पितृपक्षात रिकामी असतात आणि भाडंही घासाघीस करून कमी होतं. विचारून बघा. कमीत कमी सहा मीटर उंची, आणि माळांचे दोरे काढलेले हवेत. छतावरचा एक राहिलेला दोरा विमान संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो.

पंखे, एसी, खिडक्या सगळं बंद केल्यावरही हवा लगेच थांबत नाही. पंधरा मिनिटं थांबा. मग उदबत्ती लावून चार कोपऱ्यांत धूर बघा, तो जिथे वाकतो तिथून विमान सोडू नका. पत्र्याच्या छताखाली उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर काही खरं नाही, वरची तापलेली हवा विमानाला भिंतीकडे ढकलते. आम्ही एप्रिलमध्ये साडेसहाला सुरू करून साडेआठला आवरतो. कार्यालयाच्या माणसाला पंख्याच्या बटणाजवळ उभं करा आणि सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी घाम पुसत येतं आणि खट्कन बटण दाबतं.

१०. उडवणं आणि जुळवून घेणं

पहिलं उड्डाण फक्त १५० पिळांचं. उजव्या हाताने पंखाखाली दांडा धरा, डाव्याने प्रॉपेलर. आधी प्रॉपेलर सोडा, मग विमान चालण्याच्या वेगाने पुढे सरकवत, किंचित डावीकडे कललेलं, सोडून द्या. फेकायचं नाही. फेकलेलं विमान वर उसळतं, थबकतं, नाकावर येतं, आणि माणूस समजतो की तोल चुकलाय. "नाकावरच पडतंय" म्हणणाऱ्यांपैकी अर्ध्यांचं विमान ठीक असतं, हात चुकलेला असतो.

१५० पिळांत विमान खांद्याच्या उंचीवर दोन-तीन चकरा मारून उतरलं पाहिजे. तसं होत नाही तोवर पीळ वाढवायचे नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वहीत लिहा.

नाक वर करून थबकत, लाटांसारखं चालत असेल तर पुढची खुंटी अर्धा मिमी खाली. सरळ खाली घसरत असेल तर पुढची खुंटी अर्धा मिमी वर. वळण फार मोठं होऊन भिंत गाठत असेल तर उभ्या पंखाची मागची कड किंचित डावीकडे. वळण फार घट्ट असेल तर ती सरळ करा.

हे जमलं की ३००, मग ५००. इथे नवे दोष दिसतात, कारण भरलेलं रबर सुरुवातीला जास्त जोर देतं. कमी पिळांत छान असलेलं विमान जास्त पिळांत डावीकडे कलंडत जाऊन गिरकी घेतंय? डाव्या पंखाचा पीळ वाढवा. त्याच्या टोकाच्या पुढच्या कोपऱ्यावर तोंडाची वाफ सोडून बोटांनी हलकं वर वळवा आणि तिथेच धरून थंड होऊ द्या. फक्त सुरुवातीलाच थबकतंय, नंतर ठीक चालतंय? मग खुंटीला हात लावू नका, बेअरिंग एक अंश खाली वाकवा. मी स्वतः पहिल्या वर्षी या दोन दोषांत गल्लत करून सलग तीन रविवार खुंटी वर-खाली करत बसलो होतो.

उतरताना किती पीळ उरलेत ते मोजा. विमान जमिनीवर आलं आणि बरेच पीळ शिल्लक असतील तर वेढा लांब आहे, पुढच्या वेळी दोन सेंमी कमी करा. पीळ हवेतच संपून विमान धपकन खाली येत असेल तर वेढा लांब घ्या किंवा थोडं अरुंद रबर.

छताला धडकत असेल तर कमी पीळ भरण्यापेक्षा पूर्ण भरून ३०-४० पीळ सोडून द्या. त्या सुरुवातीच्या पिळांतच जोराचा झटका असतो, वेळ फारसा जात नाही.

अडकलेलं विमान काढायला बांबूच्या टोकाला स्पंजचा तुकडा बांधून ठेवा. खालून वर ढकलायचं, ओढायचं नाही. गड्डा यात्रेतले गॅसचे फुगे दोरीला लावून विमान हटवायची कल्पना कुणालाही सुचते, पण त्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो. दिव्यांच्या झुंबराजवळ तो नको.

११. आवरताना

निघण्याआधी रबर काढून तेल पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मी तो डबा फ्रिजमध्ये, शेंगा चटणीच्या बरणीमागे ठेवतो. उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीत एक दुपार राहिलेलं रबर पुढच्या रविवारी पाचशे पिळांतच तुटतं. पंख खुंट्यांसह नळ्यांतून काढून बुटाच्या खोक्यात वेगळा, प्रॉपेलर वेगळा. खोकं मांडीवर घेऊन मागे बसणारा माणूस लागतो, हँडलला लटकवलेल्या पिशवीतून माझं एक विमान सात रस्ता चौकापर्यंतसुद्धा टिकलं नाही.